धूमकेतूची गिरकी कशी मोजतात? उत्तर आहे वायूच्या फोटोंमध्ये

ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-अ‍ॅटलास धूमकेतू आला, तेव्हा अनेकांनी मोबाईलच्या नाईट मोडवर त्याचा फोटो काढला. फोटोत शेपूट दिसते, पण मधला बर्फ-धुळीचा गोळा, म्हणजे केंद्रक, दिसत नाही. ते काही किलोमीटरचंच असतं आणि भोवतीच्या चमकत्या वायू-धुळीत हरवून जातं. मग ते स्वतःभोवती किती वेळात फिरतं, हे कळणार कसं?

आपल्या अमरावती-अकोल्याकडे हरभऱ्याला स्प्रिंकलर लावतात, ते आठवा. लांबून नोझल दिसत नाही, पाण्याची वळणदार धार मात्र दिसते. धार पुन्हा त्याच दिशेला आली की एक फेरी पूर्ण! धूमकेतूचंही तसंच. ऊन लागलं की बर्फाची थेट वाफ होते आणि काही जागांतून वायूचे फवारे उडतात. केंद्रक फिरत असल्यामुळे फवाऱ्याला वळण पडतं.

तो टिपायच्या तीन पायऱ्या:

१. फिल्टर: धूमकेतूच्या वायूतलं सायनोजेन ३८७ नॅनोमीटरच्या आसपास, जांभळ्या प्रकाशात चमकतं. तेवढाच प्रकाश आत सोडला की धुळीची चमक बरीचशी गळते.

२. वजाबाकी: फोटोतून सगळीकडे सारखी पसरलेली गोल चमक काढून टाकायची. उरतो फवारा.

३. जुळवणी: सारखे दिसणारे दोन फोटो शोधायचे. मधला वेळ म्हणजे फेरीचा काळ.

पण इथेच गोची आहे. आज आणि उद्या रात्री १० वाजता चित्र सारखंच आलं, तर २४ तासांत फेरी एक झाली की दोन? म्हणून रात्रभर फोटो काढतात, वेगवेगळ्या देशांतल्या दुर्बिणी वापरतात. वळणांमधलं अंतरही मदतीला येतं. वायूचा वेग सेकंदाला १ किमी आणि फेरी २० तासांची असेल, तर दोन वळणांत ७२,००० किमी अंतर पडतं.

२०१७ मध्ये ४१पी या छोट्या धूमकेतूने सगळ्यांना चकित केलं. मार्चमध्ये अ‍ॅरिझोनातल्या लोवेल वेधशाळेच्या ४.३ मीटर दुर्बिणीने सायनोजेनचे फोटो घेतले, तेव्हा फेरी सुमारे २० तासांची होती. मे महिन्यात नासाच्या स्विफ्ट दुर्बिणीने त्याचा प्रकाश कसा कमी-जास्त होतो ते पाहिलं, तर फेरी ४६ तासांच्याही वर गेलेली! दोन महिन्यांत वेग निम्म्याहून कमी.

कारण पुन्हा तेच फवारे. स्प्रिंकलर पाण्याच्या जोराने फिरतं, तसा वायूचा धक्का केंद्रकालाही बसतो. ४१पीला तो उलट्या दिशेने बसला, म्हणजे ब्रेकच लागला. हाच धक्का फिरण्याच्या दिशेने बसत राहिला, तर वेग वाढून केंद्रक फुटूही शकतं. म्हणजे गिरकी मोजली की धूमकेतू पुढे टिकेल का, याचाही अंदाज येतो.

पुढचा धूमकेतू आला की चिखलदऱ्याच्या अंधारात फोटो नक्की काढा. फवारे मोबाईलमध्ये दिसणार नाहीत, पण मधे काहीतरी गरगर फिरतंय, हे आता तुम्हाला माहीत आहे.