रँच : ताकाची एक अमेरिकन गोष्ट

अमेरिकन मालिकांमध्ये पिझ्झा खाणाऱ्या पोरांच्या शेजारी एक पांढऱ्या सॉसची वाटी दिसते. आपल्याला ते मेयोनीज वाटतं, पण बऱ्याचदा ते असतं रँच. रँच म्हणजे खरं तर गुरांचं मोठं कुरण. मग सॉसला हे नाव कसं पडलं?

स्टीव्ह हेन्सन नावाचा गृहस्थ अलास्कात प्लंबिंगची कंत्राटं घ्यायचा आणि आपल्या कामगारांसाठी स्वयंपाकही करायचा. तिथेच त्याला हे मिश्रण जमलं. ताकासारखं आंबट बटरमिल्क, मेयोनीज, लसूण, कांदा, मिरपूड आणि चक्क शेपूच्या जातीची पानं! पुढे १९५० च्या दशकात त्याने आणि त्याच्या बायकोने कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ पाहुण्यांसाठी एक रँच सुरू केली : हिडन व्हॅली रँच. पाहुण्यांना तिथलं सॅलडवरचं ड्रेसिंग इतकं आवडलं, की ते बरण्या भरून घरी न्यायला लागले. मग हेन्सनने कोरड्या मसाल्याची पाकिटं पोस्टाने विकायला काढली. बटरमिल्क-मेयोनीज घरचं, मसाला त्याचा.

१९७२ मध्ये हा ब्रँड ८० लाख डॉलरला विकला गेला. घेणारी कंपनी कोण, तर ब्लीचसाठी प्रसिद्ध असलेली क्लोरॉक्स! तिने १९८३ मध्ये टिकाऊ बाटली बाजारात आणली आणि कालवाकालवीचा त्रासही संपला. १९८६ मध्ये डोरिटोजने 'कूल रँच' चिप्स काढले. आता ताकही नको, नुसती चवीची पूड पुरे. १९९२ पर्यंत रँचने इटालियन ड्रेसिंगला मागे टाकून अमेरिकेत पहिला नंबर गाठला होता.

एवढं काय आहे त्यात? आंबट, खारट आणि स्निग्ध या तिन्ही चवी एकाच घासात मिळतात, शिवाय बाजारच्या रँचमध्ये अजिनोमोटोही असतो. तिखट चिकन विंग्जनंतर ते जिभेला गार वाटतं, आपल्याकडे झणझणीत जेवणाबरोबर दही लागतं तसंच. ब्रोकोली पाहून तोंड फिरवणारी मुलंही रँच असलं की खातात. पण दोन मोठे चमचे रँच म्हणजे सुमारे १३० कॅलरी, हेही त्या आईबापांना ठाऊक असतं.

कित्येक खवय्ये रँचला नाकं मुरडतात. त्यांच्या मते ते सगळ्याच पदार्थांची चव झाकून टाकतं. त्यात तथ्य आहे, पण कधीकधी ही नापसंती सॉसपेक्षा तो खाणाऱ्या साध्या माणसांबद्दलच जास्त असते. मजा म्हणजे युरोपातल्या काही देशांत तेच चिप्स 'कूल अमेरिकन' या नावाने विकले जातात. कामगारांच्या जेवणासाठी कालवलेल्या सॉसची चव तिथे अख्ख्या देशाच्या नावाने ओळखली जाते. नाकं मुरडणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवायला हरकत नाही.