वातानुकूलन यंत्राचा जमाखर्च

बदलीचा आदेश हाती पडला तेव्हा वाराणसी म्हटल्यावर डोळ्यांसमोर आले ते घाट, गंगेची आरती आणि विश्वनाथाचे दर्शन. मे महिन्यातील 'लू' मात्र आठवली नाही. पारा ४४ अंशांवर गेला आणि गच्चीखालच्या आमच्या भाड्याच्या घरात दुपार काढणे अवघड झाले. वडिलांची हृदयशस्त्रक्रिया नुकतीच झालेली. त्यांची खोली थंड राहिली पाहिजे, असे डॉक्टरांनी बजावले होते. म्हणून दीड टनाचे 'हॉट अँड कोल्ड' वातानुकूलन यंत्र घेतले. पहिल्याच महिन्याचे वीजबिल पाहून वडील म्हणाले, "अरे, माझ्यापायी एवढा खर्च नको. दुपारी बंदच ठेवत जा." ते बोलणे मनाला लागले. यंत्र बंद न ठेवता खर्च आटोक्यात कसा आणावा, याचा विचार तेथून सुरू झाला.

उष्णतेचा हमाल

हे यंत्र थंडावा निर्माण करीत नाही. खोलीतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकते. म्हणूनच शास्त्रात त्याला उष्णता-पंप म्हणतात. पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झालेल्या विल्यम थॉमसन यांनी ही कल्पना १८५२ मध्येच मांडली होती. एक टन क्षमता म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळण्यास लागेल एवढी उष्णता हलविण्याची ताकद. चांगले यंत्र एक युनिट वीज घेऊन तीन ते चार युनिट उष्णता बाहेर टाकते. हा नफा मात्र कायम नसतो. हमालाला ओझे घेऊन जितका उंच चढ चढावा लागेल तितका तो दमतो, तसेच या यंत्राचे आहे. खोली २० अंशांवर आणि बाहेरची हवा ४४ अंशांवर असेल, तर चढ मोठा आणि वीजही अधिक. चढ कमी करणे आणि वाट मोकळी ठेवणे, हेच काटकसरीचे मर्म.

एक चूक

हे समजण्यापूर्वी माझ्या हातून एक चूक झाली. गच्चीवरचे बाहेरील युनिट उन्हात तापते, म्हणून मी त्याभोवती पत्र्याची पेटीच उभी केली. सावली मिळाली, पण युनिटने फेकलेली गरम हवा आतच कोंडली आणि तीच पुन्हा आत ओढली जाऊ लागली. ऐन दुपारी यंत्र वारंवार बंद पडू लागले. वडील घामाघूम होऊन बसलेले पाहून मला अपराधी वाटले. दुरुस्तीला आलेल्या कारागिराने पत्रा हटविला आणि दहा मिनिटांत खोली गार होऊ लागली. त्यानंतर मी युनिटच्या दोन फूट वर बांबूची चटई बांधली; चारही बाजू मोकळ्या ठेवल्या.

ब्रह्माघाटावरचा धडा

आमच्या शाखेत ब्रह्माघाटाकडील एक वयोवृद्ध मराठी ग्राहक येतात. त्यांना हा प्रसंग सांगितला तेव्हा ते हसून म्हणाले, "साहेब, आधी ऊन घरात येऊ देऊ नका, मग यंत्राचे बघा." त्यांच्या जुन्या वाड्याच्या जाड भिंती, मधला चौक आणि वाळ्याचे पडदे हेच सांगत होते. मग मी गच्चीवर चुन्याचा पांढरा हात दिला, पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून चटई सोडली आणि दारांच्या फटी पट्ट्या लावून बुजविल्या. आतील युनिटची जाळी दर पंधरा दिवसांनी धुऊ लागलो. येथील धुळीत ती लवकर कोंदते. तांब्याच्या नळीवरचे फाटलेले फोमचे वेष्टन बदलून घेतले.

तापमान २६ अंशांवर ठेवून छताचा पंखा मंद लावला. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या मते तापमान एका अंशाने वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते. जानेवारी २०२० पासून नवी यंत्रे मूळ २४ अंशांवरच सुरू होतील, असा नियमही झाला आहे.

बाहेरील युनिटच्या मागे वाळ्याची ओली ताटी लावण्याचा प्रयोगही केला. कोरड्या हवेत पाण्याचे बाष्प होताना हवा गार होते व चढ कमी होतो. परंतु आमच्या बोअरच्या पाण्यातील क्षार युनिटच्या नाजूक पात्यांवर साचू लागले, आणि पावसाळ्यातील दमट हवेत तर ताटीचा उपयोगच उरला नाही. ती काढून टाकली.

हिवाळ्यात उलटा हिशोब

पौषातील धुक्यात हेच यंत्र उलट चालते आणि बाहेरची उष्णता आत आणते. साधा विजेचा हीटर एका युनिटमागे एकच युनिट उष्णता देतो; हे यंत्र काशीच्या थंडीत साधारण तीन देते. मात्र तेव्हा बाहेरील युनिटला ऊन हवे, म्हणून दिवाळीनंतर त्यावरची चटई आठवणीने काढावी.

ग्राहकमित्रहो, एक सावधगिरी हवीच. गॅसची नळी, वायरिंग किंवा कॉम्प्रेसर यांना स्वतः हात लावू नये. त्यात धोका आहे आणि हमी रद्द होण्याची शक्यताही. नवे यंत्र घेताना केवळ किंमत न पाहता स्टार लेबलवरील वार्षिक वीजवापराचा आकडाही पाहावा. खरेदी एकदाच होते, बिल दरमहा येते.

माझे सर्व उपाय एकाच हंगामात झाले. त्यामुळे कोणत्या उपायाचा वाटा किती, हे मी खातेनिहाय सांगू शकत नाही. एकूण बिल मात्र उतरले. त्याहून मोठी जमा म्हणजे, यंदाच्या मे महिन्यात वडिलांनी दुपारी यंत्र बंद करण्याचा विषय एकदाही काढला नाही.