वाट पाहण्याची व्यवस्था

संगणक म्हटला की वेग, अशी आपली समजूत असते. परंतु पुष्कळ प्रोग्रामांचा बराचसा वेळ वाट पाहण्यातच जातो, हे थोड्यांच्याच ध्यानी येते. दूरच्या यंत्राकडून उत्तर यायचे असते, एखादी फाइल वाचून व्हायची असते. मग एकाच्या खोळंब्याने साऱ्यांचा खोळंबा होऊ नये, यासाठी काय करावे? 'गो' या संगणकभाषेने दिलेले उत्तर मला उद्बोधक वाटले. मी कलाशाखेची विद्यार्थिनी. तेव्हा ते आपल्या नित्याच्या भाषेतच मांडते.

रॉबर्ट ग्रीसमर, रॉब पाइक व केन थॉम्प्सन यांनी गूगलमध्ये रचलेली ही भाषा २००९ साली जाहीर झाली. तीत प्रत्येक स्वतंत्र कामाला 'गोरुटीन' म्हणतात. ते अवघ्या २ किलोबाइट स्मृतीवर सुरू होते. म्हणून अशी लाखभर कामेही एकदम हाती घेता येतात. पण ती प्रत्यक्ष करतात कार्यप्रणालीचे 'थ्रेड', आणि ते त्या मानाने महाग असतात.

एखादी कचेरी डोळ्यांपुढे आणा. गोरुटीन म्हणजे प्रकरणे, थ्रेड म्हणजे कारकून. टेबले मात्र मोजकी, सामान्यतः प्रोसेसरच्या गाभ्यांइतकीच; आणि टेबल मिळाल्यावाचून कारकुनाला प्रकरण उघडता येत नाही. टेबलांची ही योजना द्मित्री व्युकोव यांची; २०१३ च्या १.१ या आवृत्तीत ती आली.

आता थांबणे दोन प्रकारचे. पहिले टपालाचे. जाळ्यावरून उत्तर यायचे असेल, तर कारकून ते प्रकरण बाजूला ठेवतो आणि दुसरे उघडतो. टपालावर नजर ठेवायला निराळी सोय असते. लिनक्सवर ती 'ईपोल' नावाची. उत्तर आले की प्रकरण पुन्हा रांगेत लागते. हजारो प्रकरणे ताटकळली, तरी त्यांपायी एकही कारकून अडून राहत नाही.

दुसरे थांबणे अधिक अवघड. लिनक्सवर साध्या फायलींसाठी ईपोल चालत नाही. तेथे कारकुनाला स्वतःच दफ्तरखान्यात जाऊन उभे राहावे लागते. अशा वेळी टेबल नसलेला एक देखरेख्या फेऱ्या घालत असतो. त्याचे नाव 'सिसमॉन'. कारकून लवकर परतला, तर टेबल त्याचेच. तो रेंगाळला आणि इतर कामे तिष्ठत असली, तर देखरेख्या ते टेबल दुसऱ्या कारकुनाला देतो. पहिला परतल्यावर मोकळे टेबल शोधतो. न मिळाल्यास प्रकरण रांगेत ठेवून स्वतः स्वस्थ बसतो.

यात प्रोग्राम लिहिणाऱ्याची मोठी सोय आहे. तो सरळ ओळीने 'वाच, मग लिही' असे लिहितो. बाकीची उठाठेव भाषा करते. तथापि झाकलेला खर्च म्हणजे टळलेला खर्च नव्हे. दफ्तरखान्यात अडकलेला प्रत्येक कारकून हा एकेक खराखुरा थ्रेड असतो. त्यांची मर्यादा मुळात १०,००० ठेवलेली आहे. ती ओलांडली की सबंध प्रोग्रामच कोसळतो. म्हणून एका वेळी किती फायली उघडाव्यात, याला लिहिणाऱ्यानेच आवर घालावा लागतो.

कोणी थांबावे लागणे अटळ आहे. त्याने टेबल अडवून थांबायचे की दुसऱ्याला देऊन, एवढाच प्रश्न उरतो. आणि तो केवळ यंत्रांचा आहे, असे मला वाटत नाही.