तिळावरची अळी आणि यमलोकातल्या नद्या

नातवाच्या सटवाईची रात्र होती. आष्टीच्या आमच्या घरी पाटा-वरवंटा पुजून झाला, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवली. सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, ही आपल्याकडची जुनी श्रद्धा. त्याच वेळी दिव्यावर तळहाताएवढा एक पतंग आला. पाठीवर पिवळट कवटी, डोळ्यांच्या खाचांसकट. कोणीतरी त्याला केरसुणीने मारले. मरताना तो चक्क चिरचिरला. बायका गप्प झाल्या. मी मात्र जवळच्या पुस्तकांतली चित्रे ताडून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या हौशीने सांगितले की, इंग्रजीत याला ‘डेथ्स हेड’ म्हणतात, म्हणजे मेलेल्या माणसाची कवटी. सून काही बोलली नाही. पुढचे दोन महिने दिवेलागणीनंतर तिच्या खोलीची खिडकी उघडली नाही.

नाव मी सांगितले होते. ते कुठून आले हे शोधणेही मग माझ्याच गळ्यात आले.

आष्टी म्हटले की परका माणूस विचारतो, कोणती? १९४२च्या लढ्यातली आष्टी वर्धा जिल्ह्यात, १८१८ मध्ये बापू गोखले धारातीर्थी पडले ती सोलापूरकडची, आमची बीडची. म्हणून आम्ही गावाचे नाव सांगताना जिल्हाही जोडतो. स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५८ मध्ये सगळ्या प्राण्यांना दोन-दोन शब्दांची नावे दिली, त्यामागे अशीच सोय होती. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जणू आडनाव. दुसरा त्या जातीचा. नावाचा अर्थ प्राण्याला लागू पडलाच पाहिजे, असा नियम तेव्हा नव्हता आणि आजही नाही.

इतकी नावे आणायची कुठून? लिनियसने ग्रीक पुराणे उघडली. दिवसा उडणाऱ्या फुलपाखरांना त्याने ट्रॉयच्या युद्धातले वीर वाटून दिले. आपल्याकडे दिसणाऱ्या काळ्या-लाल फुलपाखराच्या नावात आजही ‘हेक्टर’ आहे. या पतंगांच्या मोठ्या गटाला त्याने ‘स्फिंक्स’ म्हटले, कारण त्यांची अळी डोके उंच धरून स्फिंक्ससारखी निश्चल बसते. कवटीवाल्या पतंगाला मात्र त्याने ‘आत्रोपोस’ हे नाव दिले.

ग्रीकांच्या तीन नियतीभगिनी होत्या. क्लोथो आयुष्याचा धागा कातते, लाखेसिस तो मोजते, आत्रोपोस कापते. आपल्याकडे एकट्या सटवाईवर जे काम आहे, ते तिकडे तिघींत वाटलेले. गंमत अशी की पतंगांच्या यादीत कापणारी बहीण पहिली आली. कातणारी १७७३ मध्ये ड्रुरीने आणली आणि एका वेगळ्याच हिरवट पतंगाला दिली. मोजणारी १७९८ मध्ये फॅब्रिसियसने. १८०९ मध्ये लास्पेयरने कवटीवाल्यांची वेगळी प्रजाती केली आणि तिला नाव दिले ‘आखेरोंतिया’. आखेरोन ही ग्रीकांच्या यमलोकातली नदी, आपल्या वैतरणीसारखी. १८४७ मध्ये वेस्टवुडने या प्रजातीतल्या तिसऱ्या जातीला त्याच लोकातल्या दुसऱ्या नदीचे नाव दिले, ‘स्टिक्स’.

आमच्या घरात मेलेल्या पतंगाचे मागचे पंख पिवळे होते, त्यांवर दोन काळे पट्टे. म्हणजे तो आखेरोंतिया स्टिक्स. आमच्या तालुक्यातल्या नद्या उन्हाळ्यात कोरड्या पडतात, आणि इथे यमलोकातल्या दोन नद्या एका किड्याच्या नावात!

हा किडा करतो तरी काय? त्याची बोटाएवढी गुळगुळीत अळी, शेपटावर वाकडे शिंग असलेली, पावसाळ्यात तिळाची पाने खाते. आमच्याकडे तिला तिळावरची अळी म्हणतात आणि हाताने वेचतात. पूर्ण वाढली की ती जमिनीत शिरून कोष करते. पतंग झाल्यावर तो चावत नाही, डंख मारत नाही. त्याला मधाची चटक. त्याची सोंड आखूड आणि जाड असते; रात्री मोहोळात शिरून मेणाचे झाकण तो तिने फोडतो. युरोप-आफ्रिकेतल्या आत्रोपोसच्या अंगाला तर मधमाश्यांशी मिळताजुळता गंध असतो, त्यामुळे माश्या त्याला सहसा ओळखत नाहीत. घशाच्या पोकळीत हवा ओढून ती परत सोंडेतून सोडताना आवाज होतो. आम्ही ऐकलेले चिरचिरणे ते हेच. शाप नव्हे, घाबरलेल्या जिवाची फुंकर.

लाखेसिस आणि क्लोथो आपल्या देशात आढळतात. आत्रोपोसचा वावर आफ्रिका, युरोप आणि पश्चिम आशियात. ती मराठवाड्यात येत नाही. मी हे सुनेला सांगितले तेव्हा तिने विचारले, “मामा, म्हणजे धागा कापणारी इकडे येतच नाही?” मी म्हटले, “येत नाही.” आणि आली असती तरी ती मधच शोधत आली असती, हेही सांगितले.

गेल्या श्रावणात तसाच एक पतंग पुन्हा आला. सुनेने त्याच्यावर पातेले पालथे घातले, खालून पुठ्ठा सरकवला आणि त्याला अंगणात सोडले. नातू मागून विचारत होता, “याचं नाव काय?” ती म्हणाली, “तिळावरचा पतंग.”