‘विसरून जा’ हा उपचार नव्हे

अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून निजलेल्या किल्लारी परिसरावर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप कोसळला. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांचा भार यांखाली, सरकारी नोंदीप्रमाणेच, सुमारे ८,००० माणसे दगावली. त्यानंतर कित्येक कुटुंबे दगडी घरात निजण्यास धजत नव्हती. पत्र्याचा आडोसा त्यांना अधिक भरवशाचा वाटे. याला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. धरणी अधूनमधून थरथरत असताना भिंतीपासून दूर राहणे हा शहाणपणाच होता.

प्रश्न उद्भवतो तो धरणी स्थिरावल्यानंतर. भीषण प्रसंगानंतर भय, निद्रानाश, दचकणे हे बहुतेकांच्या वाट्यास येते आणि बहुतेकांच्या बाबतीत आपोआप ओसरतेही. काहींच्या बाबतीत मात्र महिना लोटला तरी ते सरत नाही. रस्त्याने अवजड मालमोटार गेली, भांडी किणकिणली, की त्यांच्यापुरता तो प्रसंग पुन्हा घडू लागतो. आठवण येणे निराळे आणि हे निराळे. स्मृतीला भूतकाळाचा शिक्काच बसलेला नसतो. मग माणूस ती जागा टाळतो, तो विषय टाळतो, आप्तांपासून दुरावतो, क्षुल्लक कारणाने संतापतो. वैद्यकशास्त्र यास आघातोत्तर ताणविकृती म्हणते.

हे नाव अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली अधिकृत केले. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांची दुरवस्था त्यास मुख्यत्वे कारण झाली. दुखणे मात्र जुनेच. पहिल्या महायुद्धात चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी १९१५ साली ‘शेल शॉक’ या नावाने त्याची नोंद केली होती. तरीही ब्रिटिश सैन्याने पळपुटेपणा, भ्याडपणा अशा आरोपांखाली आपल्याच शिपायांना गोळ्या घातल्या. त्यांतील ३०६ जणांना माफी मिळाली ती २००६ साली! शिक्षा भोगलेल्यांपैकी कितीजण रुग्ण होते, हे आता कोण सांगणार?

आपल्याकडे कोणी गोळी घालत नाही. ‘झाले गेले गंगेला मिळाले’ असे सांगून वाटेला लावतात. हेतू चांगला असतो, परंतु सल्ला नेमका उलटा. टाळण्यानेच हा विकार पोसला जातो. प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ रुग्णास सुरक्षित वातावरणात, त्याला पेलेल इतक्या बेताने, त्या प्रसंगाकडे पुन्हा पाहण्यास शिकवतो; टाळलेल्या जागी हळूहळू नेतो; ‘माझ्यामुळेच मूल गेले’ यांसारख्या समजुती तपासून पाहतो. काहींना सर्ट्रालिनसारख्या औषधांचाही उपयोग होतो. सुधारणा बहुधा काही महिन्यांत दिसू लागते. मात्र ढिगाऱ्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाला दुसऱ्याच दिवशी सगळे बोलून टाकण्यास भाग पाडणे हितावह ठरत नाही, असे संशोधनाने दाखवले आहे. (वार्ताहरांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.) त्या वेळी हवे असते अन्न, निवारा आणि जवळचे माणूस. नुसत्या झोपेच्या गोळ्यांनीही मूळ दुखणे हटत नाही.

आपत्तीनंतरच्या पंचनाम्यात पडलेल्या भिंती आणि दगावलेली जनावरे मोजली जातात. न झोपणारा माणूस कोणत्या रकान्यात मांडावा? १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, २०२२ पासून ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा निःशुल्क दूरध्वनीही आहे. परंतु तिथवर रुग्ण पोचवायचा तर आधी कोणीतरी त्याला ओळखावे लागते. अपघातात वडील गमावलेला विद्यार्थी महिन्या-दोन महिन्यांनंतरही वर्गात दचकत असेल, अकारण भांडत असेल, तर शिक्षकाने छडी किंवा उपदेश बाजूस ठेवून प्रथम एवढेच विचारावे, की रात्री झोप लागते का?