हार्वेस्टरच्या मागे चालताना

सोयाबीन एकदा वाळलं की शेतकऱ्याच्या हातात फार दिवस उरत नाहीत. पानं गळतात, दाण्यातला ओलावा १५ टक्क्यांच्या खाली उतरतो आणि मग दुपारच्या उन्हात शेंगा तडकायला लागतात. तडकलेल्या शेंगेतला दाणा मातीत जातो. तेवढ्यात परतीचा पाऊस आला तर उभ्या झाडावर, शेंगेतच कोंब फुटतो. लातूर, धाराशिव, परभणी, हिंगोली, वाशीम, अमरावती या साऱ्या पट्ट्यात ही वेळ थोड्याफार फरकानं एकाच पंधरवड्यात येते. महाराष्ट्रात सोयाबीन जवळपास ५० लाख हेक्टरवर असतं. एवढं पीक एकदम काढणीला आलं की मजूर कुणाला मिळणार आणि कुणाच्या रानात आधी जाणार, हा प्रश्न गावोगाव उभा राहतो. गेल्या काही वर्षांत त्याचं उत्तर म्हणून हार्वेस्टर आला.

आधीची पद्धत अजूनही मोडलेली नाही. विळ्यानं कापायचं, कवळे वाळवायचे, गंजी लावून ताडपत्रीनं झाकायची आणि मग मळणीयंत्र, म्हणजे काही भागांतला हडंबा, बोलवायचं. या प्रत्येक टप्प्याला माणसं लागतात आणि दोन टप्प्यांच्या मध्ये पाऊस गाठू शकतो. हार्वेस्टर हे सगळं एका फेरीत उरकतो. तो रानात शिरला की एकराचं काम तासाभरात, कधी त्याहून लवकर होतं. हा वेग शेतकऱ्याला खरोखर वाचवतो, हे आधी स्पष्ट म्हटलं पाहिजे. पण त्या वेगात काय सांडतं, हे पाहायला यंत्राच्या मागे फारसं कुणी जात नाही. सगळ्यांचे डोळे टाकीकडे असतात.

यंत्राच्या पोटात काय चालतं, ते समजून घेण्यासारखं आहे. पुढे फिरणारा रील पीक आत ओढतो आणि खालचा कटरबार ते कापतो. आपल्याकडच्या स्वयंचलित हार्वेस्टरचा कटरबार साधारण चौदा फुटी असतो आणि इंजिन शंभर अश्वशक्तीच्या आसपासचं. कापलेलं पीक ऑगरनं, म्हणजे फिरत्या मळसूत्रानं, मधोमध गोळा होऊन चढत्या साखळीवरून ड्रमकडे जातं. ड्रम आणि त्याखालची अर्धगोल जाळी यांच्या फटीत शेंगा फुटतात. बहुतेक दाणा इथंच जाळीतून खाली पडतो. उरलेला दाणा काडात अडकून पुढे जातो. काड उसळत, झटकत मागे नेणाऱ्या फळ्या तो सोडवतात. मग चाळण्या आणि खालून पंखा. आपल्या आजीनं वाऱ्यावर सूप धरून जे केलं, तेच हा पंखा करतो. फरक असा, की आजीला वारा कमी-जास्त झालेला कळायचा आणि ती हात थांबवायची. इथं वारा जास्त झाला तर चांगला दाणा भुसकटाबरोबर मागे उडतो, कमी झाला तर टाकीत काडीकचरा येतो. आणि तो बदल चालकानं मुद्दाम करावा लागतो.

या यंत्राचा इतिहास बिघाडांचाच इतिहास आहे, असं म्हटलं तरी चालेल. १८३६ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये हायरम मूर आणि जॉन हॅस्कॉल यांनी कापणी-मळणी एकत्र करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. ते ओढायला घोड्यांच्या जोड्यांमागून जोड्या जुंपाव्या लागत. मिशिगनच्या दमट हवेत गहू उभ्यानं पुरेसा वाळत नसे, म्हणून यंत्र तिथं रुजलं नाही. १८५४ मध्ये त्यातलं एक जहाजानं कॅलिफोर्नियाला गेलं आणि कोरड्या हवेत त्यानं ६०० एकर गहू काढला. पुढे दोन वर्षांनी ते शेतातच जळालं, कारण बेअरिंगला वेळेवर तेल मिळालं नाही. ओलावा आणि बेअरिंग या दोन अडचणी आजही आपल्या रानात तशाच भेटतात.

घोडे आणि ट्रॅक्टर यांच्यापासून हार्वेस्टर मोकळा झाला तो १९३० च्या दशकाच्या अखेरीस. कॅनडाच्या मॅसी-हॅरिस कंपनीत ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या टॉम कॅरोल या अभियंत्यानं स्वतःच्या इंजिनावर चालणारा हार्वेस्टर यशस्वी केला. १९४४ साली, युद्धामुळे पोलाद आणि माणसं दोन्हींची टंचाई असताना, या कंपनीनं ५०० यंत्रांसाठी पोलाद मिळवलं. अट अशी, की प्रत्येक यंत्रानं २००० एकर काढायचे. ती यंत्रं अमेरिकेच्या दक्षिणेकडून पिकाच्या मागोमाग उत्तरेला सरकत गेली आणि त्या एका हंगामात त्यांनी दहा लाखांहून जास्त एकर काढले.

आपल्याकडे हीच रीत पंजाबनं रुळवली. १९८० मध्ये पंजाब ट्रॅक्टर्सनं स्वराज ८१०० हा देशी हार्वेस्टर आणला. पतियाळा जिल्ह्यातली नाभा आणि भादसों ही गावं हार्वेस्टर बनवणाऱ्या कारखान्यांसाठी ओळखली जाऊ लागली. तिथली यंत्रं चालक-मदतनिसांसह राज्याराज्यांतून हिंडतात. गहू, भात, सोयाबीन जिथं जेव्हा पिकेल तिथं जातात. या फिरतीवर देशाची काढणी किती अवलंबून आहे, ते २०२० च्या टाळेबंदीत दिसलं. सगळं बंद झाल्यावर दोन-तीन दिवसांतच, २७ मार्चला, केंद्र सरकारनं राज्यांच्या सीमा ओलांडणाऱ्या हार्वेस्टरना मोकळीक दिली. आता आपल्या गावांतही तरुणांनी कर्ज काढून स्वतःचे हार्वेस्टर घेतले आहेत, आणि बाहेरच्या चालकांकडून शिकून चांगले चालकही तयार झाले आहेत.

पण मूळ यंत्र गव्हासाठी घडलं. गव्हाची ओंबी वर असते. सोयाबीनच्या खालच्या शेंगा जमिनीला टेकतील इतक्या खाली लागतात. कटरबार खाली घ्यावा तर दगड-माती आत जाते, वर घ्यावा तर शेंगा बुडख्यावरच राहतात. त्यात रुंद वरंबा-सरीवर पेरलेलं रान असेल तर चौदा फुटांची पट्टी वरंब्यावर टेकते आणि सरीत अधांतरी राहते. म्हणूनच सोयाबीनमध्ये यंत्राकडून होणाऱ्या नुकसानीचा फार मोठा भाग पीक यंत्रात शिरण्याआधीच, कटरबारपाशी होतो. रील पिकाला झोडपत असेल, पाती बोथट असतील किंवा यंत्र जोरात पळत असेल, तर वाळलेल्या शेंगा तिथंच फुटतात.

बिघाडही ऐन सुगीतच होतात, कारण यंत्र वर्षातून मोजके आठवडे चालतं आणि बाकीचा काळ उभं असतं. बेल्ट वाळून चिरतो, बेअरिंग गंजतं, उंदीर वायरी कुरतडतात. केन्याचं तण माजलेल्या रानात त्याची ओली वेल ड्रमला गुंडाळते आणि तिच्या रसात धूळ मिसळून दाणा डागी होतो. धुरांड्याजवळ साचलेलं भुसकट पेट घेतं. काळ्या रानात वाफसा नसेल तर काही टन वजनाचं धूड रुततं. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापुरात पुरानं रानं भरली, तेव्हा कितीतरी ठिकाणी पीक उभं असूनही चाकाचा हार्वेस्टर आत जाऊ शकत नव्हता. भंडारा-गोंदियाच्या भातखाचरांत साखळीपट्ट्यांवर चालणारे हार्वेस्टर दिसतात, ते याच कारणासाठी.

आता हिशेब. सोयाबीनचे १०० दाणे साधारण १२ ग्रॅम भरतात, आणि एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर. यंत्र गेल्यावर एका चौरस मीटरमध्ये ४० दाणे सापडले, तर एकरी १९-२० किलो सोयाबीन मातीत गेलं. १२० दाणे सापडले तर ५८ किलो. २०२५-२६ च्या ५३२८ रुपयांच्या हमीभावानं ही रक्कम तीन हजारांवर जाते. काढणीच्या भाड्यात शंभर-दोनशे रुपये कमी करून घेण्यासाठी आपण घासाघीस करतो आणि हे तीन हजार मोजतही नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. भाडं बहुतेक ठिकाणी एकरावर ठरतं. चालक जितका पळवेल तितके त्याचे एकर जास्त, त्यामुळे वेग आपणच ठरवून द्यावा लागतो. सोयाबीनमध्ये ताशी चार-पाच किलोमीटर पुरे.

बियाण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं. ड्रमचा मार जास्त बसला की वरून धड दिसणारा दाणाही आतून दुखावतो आणि पुढच्या जूनमध्ये उगवत नाही. म्हणून कृषी विभाग बियाण्यासाठी मळणीयंत्राचे फेरे मिनिटाला ३५० ते ४०० ठेवायला सांगतो. घरचं बियाणं ठेवायचं असेल तर तेवढा तुकडा हार्वेस्टरला देऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

ज्वारीच्या पट्ट्यात तर हार्वेस्टरला अजून मनासारखं उत्तर सापडलेलं नाही. मंगळवेढा-बार्शीकडे मालदांडीचा कडबा धान्याइतकाच मोलाचा. माणसं ती ज्वारी मुळासकट उपटतात, आणि यंत्रातून निघालेलं चुरगळलेलं ताट जनावरांच्या वर्षभराच्या वैरणीला उपयोगी पडत नाही. माणसं मिळत नाहीत म्हणून तिथं ज्वारीचं रान कमी होत चाललं आहे. उंच ताट न चुरगळता कापून पेंढी बांधणारं, परवडणारं यंत्र ही सोलापूरची खरी गरज आहे.

सोयाबीनमध्ये वाणाच्या बाजूनं काम सुरू झालं आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं एमएसीएस १४०७ हा वाण दिला. त्याची पहिली शेंग जमिनीपासून सुमारे ७ सेंटिमीटरवर लागते, खोड जाड आहे आणि शेंगा सहसा तडकत नाहीत. हे गुण यंत्राला सोयीचे. पण त्याची शिफारस आसाम, पश्चिम बंगाल, झारखंड, छत्तीसगड यांच्यासाठी आहे. महाराष्ट्रासाठी वाण निवडताना आपल्या कृषी विद्यापीठांनी उताऱ्याच्या रकान्याशेजारी पहिल्या शेंगेची उंचीही ठळक छापावी. आपल्याकडे सरासरी जमीनधारणा २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार १.३४ हेक्टर आहे. इतक्या थोड्या रानात एकरी अर्धा क्विंटल सांडणं कुणालाच परवडणारं नाही.

म्हणून यंदा हार्वेस्टर बोलावलात तर दव उडाल्यावरच काम सुरू करायला सांगा. पहिल्या पन्नास फुटांनंतर यंत्र थांबवा. चार काड्यांचा मीटरभर चौकोन करून मागच्या पट्ट्यात ठेवा आणि दाणे मोजा. मोकळे दाणे आणि न फुटलेल्या शेंगा वेगळ्या मोजा: शेंगा जास्त असतील तर ड्रम आणि जाळी तपासायला सांगा, बुडख्यावर शेंगा असतील तर कटरबार खाली घ्यायला सांगा, भुसकटात दाणे असतील तर पंखा कमी करायला सांगा. चांगला चालक याचा राग मानत नाही. या कामाला दहा मिनिटं लागतात.