हातोडी, पत्रा आणि स्वरांमधली जागा

बेथोव्हेनच्या एखाद्या जुन्या जर्मन आवृत्तीचं पान पाहून दोन समजुती सहज होतात. एक, पुस्तकासारखे खिळे जुळवून ते छापलं असणार. दुसरी, कुणीतरी एकेक स्वर कोरणीने कोरला असणार. दोन्ही चूक.

खिळ्यांनी संगीत छापलं जात होतंच. व्हेनिसच्या पेत्रुच्चीने १५०१ मध्ये बहुस्वरी गीतांचा संग्रह तसाच काढला. पण एकाच वेळी वाजणारे पाच-सहा स्वर, तिरक्या जोडपट्ट्या, लांब कमानी आल्या की खिळे हात टेकतात. (भातखंडे पद्धतीत स्वर देवनागरी अक्षरांतच लिहितात, म्हणून आपल्याला ही अडचण फारशी जाणवत नाही.) सोळाव्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये तांब्याच्या पत्र्यावर संगीत कोरून छापू लागले. अठराव्या शतकात लंडनच्या जॉन वॉल्शसारख्या प्रकाशकांनी कथील-शिशाचा मऊ, स्वस्त पत्रा आणि टोकाला चिन्ह घडवलेले पोलादी पंच वापरात आणले. तेव्हापासून स्वरांची डोकी आणि चिन्हं हातोडीने ठोकली जाऊ लागली. कोरणी उरली ती दांड्या, पट्ट्या, कमानींपुरती. पाच रेघा तर पाच दातांच्या एकाच हत्याराने ओढत. आणि हे सगळं उलटं, आरशात दिसतं तसं.

म्हणजे हा शेवटी नकलाकाराचाच धंदा, असं वाटेल. खरी कसोटी मात्र पहिला घाव घालण्याआधीच लागायची. कोणती ओळ कुठे तोडायची, पान कुठे संपवायचं, हे आधी ठरवावं लागे. वादकाचे दोन्ही हात गुंतलेले असताना पान उलटायची वेळ आली तर सगळं कसब वाया! शिवाय दुप्पट लांबीच्या स्वराला दुप्पट जागा द्यायची नसते. थोडी जास्त दिली की पुरते. वर दांडी असलेल्या स्वरापाठोपाठ खाली दांडी असलेला स्वर आला, तर दोन्ही दांड्या शेजारी येतात आणि मोजून सारखं ठेवलेलं अंतरही आखूड दिसतं. तिथे कारागीर केसभर जागा वाढवायचा. हे मापपट्टीने जमत नाही, त्याला डोळाच लागतो. गुंतागुंतीच्या एका पानाला अख्खा दिवस सहज जाई.

धातूवरची चूक कायमची, हाही गैरसमजच. वाकड्या पायांच्या कंपासाने चुकीची नेमकी जागा पत्र्याच्या पाठीवर खुणावायची, मागून ठोकून खळगा वर आणायचा, पृष्ठभाग घासून सपाट करायचा आणि नवा पंच मारायचा. पत्रे जपून ठेवत आणि मागणी येईल तशा प्रती काढत, त्यामुळे मधल्या काळात दुरुस्त्याही होत. एकाच आवृत्तीच्या दोन प्रतींत स्वर वेगळे निघतात, ते यामुळेच.

पत्र्यावरून थेट हजारो प्रती निघत, हेही अर्धसत्य आहे. मऊ पत्रा दाबाखाली झिजतो. म्हणून एकोणिसाव्या शतकात पत्र्याचा एक ठसा शिळाछापाच्या दगडावर उतरवून मोठी छपाई त्या दगडावरून करू लागले. लाइपझिगमधल्या रोडरसारख्या कारखान्यांचा प्रचंड व्याप त्यावरच उभा राहिला.

संगणक आला आणि हे एका रात्रीत संपलं, असंही नाही. म्युनिकच्या हेन्ले प्रकाशनात विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत पत्र्यावर काम चालू होतं. लिलीपॉन्ड नावाची मोफत संगणकप्रणाली लिहिणाऱ्यांनीही नमुना म्हणून समोर ठेवली ती हाताने ठोकलेली जुनी पानंच. दांड्यांमधल्या त्या केसभर जागेचा हिशेबही त्यांनी प्रणालीत घातला आहे.